मागे उभी राहून गाणारी माणसं

२३ फेब्रुवारी २००९, सोमवारची सकाळ. आठवतेय ना, मैत्रिणींनो? डबे, शाळेची रिक्षा, गॅसवरचं दूध, आणि तरी आपल्यापैकी कितीतरी जणी टीव्हीला चिकटलेल्या. ए. आर. रेहमानला ऑस्कर मिळतं की नाही! माझ्या हातात लाटणं तसंच होतं. स्टेजवर रेहमान गात होता, मग एक कृष्णवर्णीय गायक आला, त्याच्याबरोबर गाणाऱ्यांचा ताफाच्या ताफा, आणि बघता बघता दोघांची गाणी एकमेकांत मिसळली. थोड्या वेळाने ‘जय हो’ला ऑस्कर मिळालं, माझी तव्यावरची पोळी करपली आणि त्या ताफ्याला मी साफ विसरून गेले.

नंतर कळलं ते ऐकून मात्र गंमत वाटली. त्या वर्षी गाण्याच्या ऑस्करसाठी तीनच गाणी होती. दोन रेहमानची आणि तिसरं ‘वॉल-ई’ या चित्रपटातलं. म्हणजे आपण इकडे उड्या मारत होतो तेव्हा रेहमानचं नसलेलं एकुलतं एक गाणं त्याच माणसांचं होतं! ते मूळ गाणारा पीटर गॅब्रिएल रुसला होता. समारंभात गाण्याच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर येणार म्हटल्यावर त्याने गायला नकार दिला. त्याच्या जागी जॉन लेजंड आला. पण मूळ गाण्यात गॅब्रिएलच्या साथीला असलेला गायकवृंद आपल्या जागी होताच. ती माणसं होती दक्षिण आफ्रिकेतल्या ‘सोवेटो गॉस्पेल क्वायर’ची.

त्यांची माझी खरी ओळख झाली डिसेंबर २०१३मध्ये. भाच्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. ५ डिसेंबरला नेल्सन मंडेला गेले होते. जोहान्सबर्गमधलं एक मोठं दुकान, लोक ढकलगाडीत भाजी-पाव भरताहेत, आणि अचानक कुठूनसा एक आवाज उठतो. मग दुसरा, तिसरा. ॲप्रन घातलेले कर्मचारी म्हणून जे फिरत होते, गिऱ्हाईक म्हणून जे उभे होते, ते सगळे गायला लागतात. खरी गिऱ्हाइकं जागच्या जागी थबकलेली. कुणी डोळे पुसतंय. म्हणे या कार्यक्रमासाठी आधी दुसरंच, मजेचं गाणं ठरलं होतं. मंडेला गेले आणि गाणं बदललं.

गाणं होतं ‘असिम्बोनांगा’, म्हणजे ‘आम्ही त्यांना पाहिलेलं नाही’. जॉनी क्लेग या गोऱ्या गायकाने १९८७मध्ये केलेलं. मंडेला तेव्हा तुरुंगात होते आणि त्यांचा साधा फोटो छापायलाही बंदी होती. एका पिढीने त्यांचा चेहराच पाहिला नव्हता, म्हणून ते शब्द. त्याच गाण्यात व्हिक्टोरिया मेंगे हिचंही नाव येतं. ही आधी नर्स होती, मग शिकून वकील झाली. वर्णभेदाविरुद्धचे खटले लढवायची. १९८१मध्ये तिच्या नवऱ्याची हत्या झाली, तरी ती मागे हटली नाही. १९८५मध्ये तिलाही तिच्या घराच्या दारात मारलं. हे सगळं मी पुढे वाचत गेले आणि भाजीच्या दुकानातलं ते गाणं पुन्हा ऐकताना अंगावर काटा आला.

तर हे सोवेटो म्हणजे काय? ‘साऊथ वेस्टर्न टाऊनशिप्स’चं हे छोटं रूप. जोहान्सबर्गमध्ये कामाला काळी माणसं हवीत, पण राहायला शेजारी नकोत, म्हणून शहराबाहेर नैर्ऋत्येला वसवलेल्या त्या वस्त्या. १६ जून १९७६ला तिथली शाळकरी मुलं आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सभांना बंदी असायची, पण प्रार्थनेला कोण अडवणार? म्हणून माणसं चर्चमध्ये जमायची. तिथल्या रेजिना मुंडी चर्चमध्येही त्या वेळी पोलीस घुसले होते. गोळ्यांच्या खुणा अजून तिथे दाखवतात.

चर्चमधलं गाणं आणि रस्त्यावरचं गाणं तिथे असं एक झालं. त्यांच्या आजच्या राष्ट्रगीताचा पहिला भाग म्हणजे एनोक सोन्टोंगा या शाळामास्तराने १८९७मध्ये रचलेली प्रार्थना आहे. आधी भजन, मग चळवळीचं गाणं, आणि शेवटी राष्ट्रगीत.

गाण्याची पद्धत मात्र आपल्याहून वेगळी. आपल्या भजनात दहा जणी असल्या तरी चाल एकच. तिथे बायकांचे वरचे आणि मधले, पुरुषांचे वरचे आणि अगदी खर्जातले असे वेगवेगळे सूर एकाच वेळी लागतात आणि तरी ते एकमेकांच्या पायात पाय घालत नाहीत! हे मिशनऱ्यांनी नेलेलं. पण एकाने ओळ सोडायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, हे त्यांचं मूळचं, आपल्या भजनासारखं. वर पायांचा ठेका, टाळ्या, ढोल. आपण वहीत सारेगम लिहून घेतो ना, तशी तिथेही पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी डो-रे-मीची अक्षरं लिहून चार-चार सुरांची गाणी बसवली. त्यांना इंग्रजी रेघांचं नोटेशन यावंच लागलं असं नाही.

डेव्हिड मुलोवेड्झी नावाचे गृहस्थ सोवेटोत ‘होली जेरुसलेम क्वायर’ चालवायचे. त्यांनी आणि बेव्हर्ली ब्रायर या बाईंनी २००२मध्ये सोवेटो आणि आसपासच्या चर्चमधले उत्तम आवाज निवडून हा नवा वृंद उभा केला. पुढच्याच वर्षी २९ नोव्हेंबरला केपटाऊनला मंडेलांच्या एड्सविरोधी मोठ्या जलशात ते गायले. ‘व्हॉइसेस फ्रॉम हेवन’ हा पहिला अल्बम अमेरिकेत बिलबोर्डच्या जागतिक संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. २००७ आणि २००८, लागोपाठ दोन वर्षं ग्रॅमी. आर्चबिशप डेस्मंड टूटू त्यांचे आश्रयदाते होते. लोकांच्या चर्चमधून निवडून आणलेली माणसं सहा-सात वर्षांत ऑस्करच्या स्टेजवर! आणि तिथेही, बघा, कॅमेरा कुणावर? पुढच्या गायकावर.

आणि ज्या २००९मध्ये ते ऑस्करला गायले, त्याच वर्षी डेव्हिड गेले.

हे वाचलं आणि मी मोबाइल खाली ठेवला. कारण तेव्हा आमच्याकडे तेच चाललेलं होतं. आमचं गल्लीतलं महिला भजनी मंडळ. दर गुरुवारी दुपारी, पेटी, ढोलकी आणि टाळ. त्याचा सगळा जीव आमच्या थोरल्या काकूंमध्ये. चाली त्यांना पाठ, पेटी त्यांच्या हाताखाली, चुकलं तर डोळे त्यांचेच मोठे व्हायचे. त्या दिवाळीनंतर काकू गेल्या. पहिल्या गुरुवारी आम्ही जमलो, चहा प्यायलो, रडलो. दुसऱ्या गुरुवारी चौघी आल्या. तिसऱ्याला कुणीच नाही. पेटी कपाटावर चढली. ‘आता कोण सांगणार?’ हेच ज्याच्या त्याच्या तोंडी, आणि खरं सांगते, मीही तेच म्हणत होते. मला तर मनातून थोडं सुटल्यासारखंही वाटलं होतं. गुरुवारची दुपार मोकळी!

सोवेटोच्या लोकांनी काय केलं? ते गात राहिले. डेव्हिड यांची मुलगी मेरी सुरुवातीपासून वृंदात होतीच. दौरे चालू राहिले, अल्बम निघत राहिले. मंडेलांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०१८मध्ये, स्वातंत्र्यलढ्याच्या गाण्यांचा ‘फ्रीडम’ निघाला आणि २०१९मध्ये त्याला तिसरं ग्रॅमी मिळालं. मग करोना आला. जगभरचे जलसे बंद पडले. तेही ओलांडून २०२२मध्ये ‘होप’ आला. त्यात त्यांनी आपल्या लढ्यातल्या गाण्यांबरोबर अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांच्या चळवळीतली गाणीही घेतली.

पण ग्रॅमीपेक्षा मला त्यांची दुसरीच गोष्ट जास्त भावली. कार्यक्रम संपला की ते प्रेक्षकांकडून एड्सने अनाथ झालेल्या मुलांसाठी मदत गोळा करायचे. ज्या ‘न्कोसीज हेवन’ला त्यांनी हात दिला, ते ज्याच्या नावाने आहे तो न्कोसी जॉन्सन जन्मतःच एचआयव्हीग्रस्त होता. आईला सांभाळणं जमेना, म्हणून गेल जॉन्सन या बाईंनी त्याला घरी आणलं. १९९७मध्ये त्याच्या शाळाप्रवेशावरून देशभर वाद झाला. २००० साली डरबानच्या जागतिक एड्स परिषदेत हा अकरा वर्षांचा मुलगा मोठ्यांसमोर उभा राहून बोलला. त्याचं म्हणणं एवढंच, की आजारी आई आणि लेकराची ताटातूट करू नका. १ जून २००१ला तो गेला. त्या घरात आई आणि मुलं एकत्र राहतात. त्या काळात आपल्याकडेही किती घरांतून नवऱ्यामागे बायको माहेरी धाडली जात होती, ते आपण पाहिलंय. नावं नकोत घ्यायला.

काकूंच्या वर्षश्राद्धाला आम्ही सगळ्या जमलो होतो. मी पेटी खाली काढली. झटकली, भाता ओढला, तर दोन पट्ट्या मुक्या. काकूंची ती लाडकी चाल कुणालाच पुरी येईना. सगळ्या पहिल्या ओळीपाशी अडकल्या. तेवढ्यात आत भांडी आवरणारी काकूंची सून पुढची ओळ म्हणाली. तिथूनच, ओट्याजवळून. वीस वर्षं दर गुरुवारी आमचा चहा करता करता तिने सगळ्या चाली ऐकलेल्या. मंडळात बसायला तिला कुणी कधी म्हटलंच नव्हतं. मीही नाही.

‘अगं, बाहेर ये की,’ मी म्हटलं.

‘हात ओले आहेत ताई,’ ती म्हणाली, आणि तशीच येऊन दारात उभी राहिली.

आता आम्ही अकरा जणी आहोत. मध्यंतरी मी हौसेने दोन सुरांत भजन बसवायचा घाट घातला, सोवेटोसारखं. पाच मिनिटांत सगळ्या एकाच सुरावर परत! हसून हसून पुरेवाट झाली. सून म्हणाली, ‘ताई, पुढच्या गुरुवारी परत करू. मी खालचा धरते, तुम्ही तुमचा सोडू नका.’