पिशवी काढली, मग हाडांचं काय?

मंडळी, अंबड-घनसावंगीकडून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, तशा शेजारच्या बीडमधूनही. बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेली निघाली.

आता याचा हाडांशी काय संबंध? बघा, हाड म्हणजे दगड नव्हे. जुनं हाड खाणाऱ्या आणि नवं रचणाऱ्या पेशींचं काम तिथं आयुष्यभर चालू असतं. खाणाऱ्या पेशींना लगाम घालतं इस्ट्रोजेन, आणि ते मुख्यतः अंडाशयात तयार होतं. पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर पाळी जाण्याच्या वयाआधीच हा लगाम एकदम सुटतो. हाडं भराभर विरळ होतात. अंडाशय ठेवले, तरी काही जणींचे लवकर थकतात. शिवाय पोटावर चरबी साठते, मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

आणि ही बाई तर डोक्यावर उसाची मोळी वाहते! पस्तिशीत तिची कंबर दुखली, की आपण म्हणतो, कामाचं दुखणं आहे.

म्हणून ऑपरेशन झालं असेल, तर कागद काढा आणि अंडाशय ठेवलेत का ते बघा. नसतील आणि वय पंचेचाळीसच्या आत असेल, तर हार्मोनची गोळी आणि हाडांची तपासणी, दोन्हींबद्दल डॉक्टरांना विचारा. तीळ, दूध, नाचणी जरूर खा. पण इस्ट्रोजेनची जागा त्यानं भरत नाही. आणि ऑपरेशन व्हायचं असेल, तर सही करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच.