वाचाघातावरचं संशोधन आणि वाचा-उपचारतज्ज्ञ

पक्षाघातानंतर मेंदूचं भाषेचं केंद्र दुखावलं की माणसाला शब्द सापडेनासे होतात. हा वाचाघात, म्हणजेच अफेझिया. बुद्धी बहुतेक वेळा शाबूत असते; घरच्यांना मात्र माणूस ‘भ्रमिष्ट’ झाला असं वाटतं, आणि ते फार क्लेशदायक असतं.

या आजारावरच्या संशोधनात वाचा-उपचारतज्ज्ञाचं काम बारकाईचं असतं. किल्लीचं चित्र दाखवल्यावर रुग्ण ‘कुलूप’ म्हणाला की ‘तिल्ली’, यात मोठा फरक आहे. पहिल्यात अर्थाशी नातं असलेला दुसराच शब्द आला. दुसऱ्यात शब्द सापडला, पण आवाज बदलला. म्हणून उत्तर जसंच्या तसं टिपावं लागतं. संमतिपत्रही छोट्या वाक्यांत, चित्रं दाखवून समजावावं लागतं. बोलता न येणाऱ्याचा नकार ओळखणं ही या कामातली सर्वांत मोठी जबाबदारी आहे, असं मला वाटतं.

जर्मनीतल्या 156 रुग्णांवरचा अभ्यास 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सर्वांना आजार होऊन किमान सहा महिने झाले होते. निम्म्यांना लगेच, उरलेल्यांना तीन आठवड्यांनी उपचार मिळाले. आठवड्याला दहा तास किंवा अधिक, असे किमान तीन आठवडे उपचार घेतलेल्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. थांबलेल्यांचं त्या काळात सुधारलं नाही.

तेव्हा घरात कुणाची वाचा जाऊन वर्ष उलटलं असलं, तरी ‘आता काय उपयोग’ म्हणू नका; वाचा-उपचारतज्ज्ञाला जरूर दाखवा.