पार्किंगचे चलान : भरावे की लढावे?

नो पार्किंगमध्ये वाहन उभे केल्याबद्दल मोबाईलवर येणारे पाचशे रुपयांचे चलान वाहनमालकाला बहुधा पाणीपट्टीच्या बिलासारखे वाटते, आणि ते आज भरायचे की पुढे ढकलायचे एवढाच विचार त्याच्या मनात येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे मात्र चलान हा एका अपराधाचा आरोप असतो, आणि आरोप म्हटला की तो नाकारण्याचा हक्कही ओघानेच येतो. चलान भरणे म्हणजे अधिनियमाच्या कलम २०० खालील ‘तडजोड’, अर्थात ठरलेली रक्कम देऊन खटला टाळण्याची सोय होय. ती स्वीकारली नाही, तर प्रकरण दंडाधिकाऱ्यांपुढे जाते आणि समन्स निघते.

न्यायालयात गेल्यास दंड कितीतरी पटींनी वाढेल, ही धास्ती पार्किंगच्या बाबतीत बरीचशी अनाठायी आहे. अशा किरकोळ अपराधांना लागू होणाऱ्या कलम १७७ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि त्यापुढील वेळी १,५०० रुपयांपर्यंतच दंडाची तरतूद आहे, आणि महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ पासून तडजोडीची रक्कमही याच कमाल मर्यादेला नेऊन ठेवली आहे. पाचशे रुपयांसाठी बुडणारा रोज, न्यायालयाच्या खेपा आणि वकिलाची फी यांचा हिशेब मांडला, तर लढणे कधीच परवडत नाही. म्हणून निर्णय रकमेवर न सोडता पुराव्यावर सोडावा, हेच योग्य.

हा पुरावा म्हणजे बहुतेक वेळा चलानासोबतचे एक छायाचित्र. ते मोठे करून पाहिले, तर कित्येकदा त्यात नंबरप्लेट ठळक दिसते, मागे एखाद्या दुकानाचे अर्धे शटर दिसते, पण मनाईचा फलक चौकटीत कुठेच नसतो. निळ्या वर्तुळाला लाल कडा आणि त्यावर एकच तिरपी लाल रेघ, असा हा फलक असतो. दोन रेघांची फुली असेल, तर तेथे क्षणभर थांबण्यासही मनाई असते. पुण्यामुंबईच्या अनेक रस्त्यांवर सम आणि विषम तारखांना आळीपाळीने एकेका बाजूला पार्किंगला मुभा असते, आणि तारीख सांगणारी पाटी झाडाच्या फांदीआड किंवा वाढदिवसाच्या फ्लेक्सआड गेली, तर सरळमार्गी माणसाकडूनही चूक होते. अशा वेळी चालकाला गाडी लावताना जे दिसले, तेच दाखवणारी छायाचित्रे त्याच दिवशी, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून काढून ठेवावीत, कारण महिन्याभरात फ्लेक्स उतरलेला असतो आणि फांदीही छाटलेली असते.

फलक नव्हता एवढ्यावर मात्र विसंबू नये. पदपथ, झेब्रा क्रॉसिंग, बसथांबा, वळण, रुग्णालयाचे प्रवेशद्वार किंवा आधीच उभ्या असलेल्या वाहनाला लागून दुसरी रांग, या ठिकाणी वाहन लावण्यास वाहतुकीच्या नियमांनीच मनाई आहे आणि तेथे फलकाची गरज नसते. रुग्णवाहिकेची वाट अडवणाऱ्याने बिनतक्रार चलान भरावे, हेच न्याय्य.

आरोप खरोखरच चुकीचा असेल, तर आधी ‘महाट्रॅफिक’ ॲपवर छायाचित्रांसह तक्रार नोंदवावी. तेथे दाद लागली, तर न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. लोकअदालतीकडून मात्र वेगळी अपेक्षा ठेवू नये, कारण तेथे दोष कोणाचा हे तपासले जात नाही, उभयपक्षी समझोता होतो आणि त्या निवाड्यावर अपीलही करता येत नाही. जुन्या चलानांच्या बाबतीत मुदतीचा मुद्दा हाताशी असतो : केवळ दंडाची शिक्षा असलेल्या अपराधाची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१४ सांगते, मात्र विलंबाचे सबळ कारण पटल्यास न्यायालय तो माफही करू शकते.

एका प्रसंगी मात्र रक्कम कितीही लहान असली तरी ती भरून मोकळे होणे घातक ठरते. छायाचित्रातील गाडी दुसऱ्याच रंगाची किंवा दुसऱ्याच बनावटीची असेल, तर कोणीतरी तोच क्रमांक बोगस नंबरप्लेटवर वापरत आहे, असा त्याचा अर्थ होतो. चलान भरले की त्या जागी त्या वेळी आपलीच गाडी होती, अशी नोंद मालक स्वतःच्या हाताने करून देतो, आणि उद्या त्याच बोगस गाडीने अपघात केला किंवा ती चोरीत वापरली गेली, तर पोलीस प्रथम त्याच्याच दारी येतात. म्हणून अशा चलानाची प्रत, नोंदणी प्रमाणपत्र आणि आपल्या गाडीची छायाचित्रे घेऊन त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. वाहतूक शाखेपुढे आणि वेळ आल्यास दंडाधिकाऱ्यांपुढे तोच कागद सर्वांत आधी ठेवायचा असतो.