विंचू आणि मज्जातंतू

श्रोतेहो, मज्जासंस्थेसारख्या गहन विषयाचा आरंभ मी विंचवापासून करणार, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु पऱ्हाट्यांचा भारा उचलताना, गोवऱ्या काढताना किंवा अंधारात चप्पल पायांत सरकवताना विंचवाने नांगी मारल्याची हकीकत आपल्या चाळीसगावात कोणत्या घरी सांगितली जात नाही? ज्यांनी तो प्रसाद घेतला आहे त्यांस आठवत असेल की, प्रथम सुई टोचल्यासारखी तीव्र कळ येते, पाय आपोआप झटकला जातो, आणि क्षणभराने खरी आग चढू लागते. या दोन कळांमध्ये जे अंतर पडते ते का पडते?

वेदनेचा निरोप मेंदूकडे नेणारे तंतू दोन जातींचे असतात. एका जातीवर स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते. त्यांतून निरोप सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने जातो. दुसरे अगदी बारीक आणि उघडे. त्यांचा वेग सेकंदाला मीटरभर, म्हणजे आपल्या बैलगाडीचाच म्हणा ना! पाय झटकण्याचा हुकूम तर मेंदूची वाट न पाहता पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच देऊन टाकतो.

मज्जातंतू म्हणजे विजेची तार, असे पुष्कळदा सांगितले जाते. ही उपमा सोयीची आहे, पण खरी नव्हे. १८५० साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या मज्जातंतूतील वेग मोजला, तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला. तारेतील वीज याच्या लक्षावधी पट वेगाने धावते. तेव्हा तंतूतून जे जाते ते काही निराळेच असले पाहिजे.

ते असे. तंतूच्या बाहेर सोडियम फार, आत पोटॅशियम फार. विश्रांतीच्या वेळी आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. तंतूच्या आवरणात अतिसूक्ष्म दारे आहेत. टोचणी लागली की सोडियमची दारे उघडतात, सोडियम आत घुसते आणि तेवढ्या जागेपुरती आतली बाजू धन होते. त्या धक्क्याने शेजारची दारे उघडतात, मग त्यांच्या शेजारची. फटाक्याची वात जशी कणाकणाने पेटत जाते तसाच हा आवेग पुढे सरकतो. फरक इतकाच की वात एकदाच जळते. येथे मात्र सोडियमची दारे सेकंदाच्या हजाराव्या भागात मिटतात, पोटॅशियम बाहेर पडते आणि तंतू पुन्हा सज्ज होतो. हॉजकिन आणि हक्सले यांनी एका सागरी प्राण्याच्या जाड तंतूवर प्रयोग करून १९५२ साली हे गणितासह मांडले. त्यांस १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आणखी एक मौज अशी की आवेग लहानमोठा नसतो. तो येतो किंवा येत नाही. मुंगीचा चावा आणि विंचवाचा डंख यांत भेद कळतो तो मुख्यतः किती तंतू जागे झाले आणि सेकंदाला किती आवेग आले, यांवरून.

आता विष काय करते पाहा. ते सोडियमचे दार मिटूच देत नाही! आवेगामागून आवेग सुटत राहतात. दात काढताना डॉक्टर जे बधिरतेचे औषध टोचतात ते नेमके उलटे करते, दार उघडूच देत नाही; म्हणून डंखाच्या जागीही तेच टोचतात.

वेदना होऊन थांबली तर ठीक. परंतु लाल विंचवाचे विष अंगात भिनले म्हणजे हृदयाकडे आणि रक्तवाहिन्यांकडे जाणारे स्वायत्त तंतूही बेभान होतात. रक्तात अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रोग्यांच्या उशाशी बसून तासातासाची नोंद ठेवली. रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी वापरून पाहिली आणि १९८६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात तिचा अनुभव प्रसिद्ध केला. ही गोळी विषाला किंवा त्या दारांना हात लावीत नाही. निरोप ऐकणाऱ्या रक्तवाहिन्यांचे कान तेवढे झाकते. विष भिनलेल्यांपैकी पूर्वी शेकडा तीस-चाळीस दगावत. ते प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. पुढे विंचवाच्या विषावरील लसही आली, आणि गोळीच्या जोडीला ती दिल्यास रोगी लवकर सावरतो असे त्यांच्या २०११ च्या अभ्यासात दिसले. माझ्या मते खेड्यातल्या दवाखान्यातून निघालेले इतके मोलाचे संशोधन आपल्याकडे विरळाच.

मग मांत्रिकाने उतरवलेल्या विंचवाचे काय? बहुतेक डंखांत विष अंगभर भिनत नाही. कळ काही तासांनी, फार तर दिवसाभराने, आपली आपणच ओसरते आणि श्रेय मंत्राला जाते. ज्याच्या अंगात ते भिनले त्याचे तेच तास अंगाऱ्यात वाया जातात. लहान मुलांस धोका अधिक, कारण विष तेवढेच आणि देह इवलासा. भर वैशाखात डंख झालेल्या मुलास दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या आणि हातपाय बर्फासारखे गार लागू लागले, तर त्या रक्तवाहिन्या आवळू लागल्या आहेत असे समजावे आणि त्याच पावली सरकारी दवाखाना गाठावा.