आवळायचं, पण किती?

‘घट्ट कर रे!’ हे तीन शब्द ज्या गॅरेजमध्ये ऐकू येत नाहीत असं गॅरेज शोधून सापडायचं नाही. नाचणगाव आणि पुलगाव ही जोडून वसलेली गावं. इथल्या गॅरेजांतही मोटारी येतात, ट्रॅक्टर येतात, मालवाहू ऑटो येतात; आणि शिकाऊ पोराच्या हातात पाना देऊन मिस्त्री त्याला हेच सांगतो. पोरगा अंगात असेल तितका जोर लावतो. पण घट्ट म्हणजे किती घट्ट? चहात साखर किती, याला निदान चमच्यांचं माप असतं. ‘घट्ट’ला माप काय? गाडी बनवणाऱ्या कारखान्याने ते माप ठरवून दिलेलं असतं. गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत प्रत्येक बोल्टसमोर एक आकडा छापलेला असतो. त्या आकड्याला टॉर्क म्हणतात. आपल्या भाषेत, पिळाचा जोर.

टॉर्क समजायला जात्यापाशी जावं लागेल. जात्याचा खुंटा मधल्या खिळीजवळ नसतो, पाळूच्या कडेला असतो. कडेला धरून फिरवलं की थोड्या जोरात दगड फिरतो, मध्याजवळ धरलं तर हात भरून येतो. म्हणजे जोर किती लावला एवढंच महत्त्वाचं नाही, तो मध्यापासून किती लांब लावला तेही तितकंच महत्त्वाचं. जोर गुणिले अंतर म्हणजे टॉर्क. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला एक किलोचं वजन टांगलं, तर एक किलोग्रॅम-मीटर टॉर्क झाला. आजच्या पुस्तिकांत न्यूटन-मीटर हे एकक असतं; एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर. हिशेबाला दहा धरलं तरी चालतं.

आता मुळात बोल्ट आवळतात कशासाठी? तो गळून पडू नये म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. आपल्याकडची लाकडी बंडी आठवा. लोहार चाकावर लोखंडी धाव कशी चढवायचा? धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, तापवून लाल करायची, फुगली की चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. थंड होताना धाव आकसायला बघते, पण आत चाक असल्यामुळे तिला पुरतं आकसता येत नाही. ती ताणलेलीच राहते आणि आरे, पुठ्ठे, तुंबा सगळ्यांना गच्च धरून ठेवते. बोल्टचं काम नेमकं हेच. नट फिरवला की बोल्ट केसाएवढा लांबतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण बोल्ट म्हणजे एक ताठ स्प्रिंगच असते. ताणलेली ही स्प्रिंग मागे येऊ बघते आणि दोन भागांना एकमेकांवर दाबून धरते. खरी पकड त्या दाबाची असते.

हा दाब किती असतो, हे ऐकलं तर आश्चर्य वाटेल. १० मिलिमीटर जाडीचा, डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला बोल्ट घेऊ. कोरड्या आट्यांवर तो साधारण ४८ न्यूटन-मीटरने आवळला, तर तो सुमारे २४ क्विंटलच्या जोराने दोन भाग दाबून धरतो. बोटाएवढा तुकडा, आणि त्याच्या अंगावर २४ क्विंटल कापसाचा भार! या बोल्टला सोसण्याजोगी मर्यादा साधारण ३४ क्विंटलची असते. तिच्या पुढे तो कायमचा लांबतो आणि ४६-४७ क्विंटलच्या आसपास तुटतो. डोक्यावरचा ८.८ हा आकडा हेच सांगतो. पहिला ८ म्हणजे एका चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनला तुटणारं पोलाद. दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर ते कायमचं ताणलं जाऊ लागतं. १०.९ लिहिलेला बोल्ट याहून दणकट. म्हणून जुन्या बोल्टच्या जागी डब्यात सापडेल तो बोल्ट टाकणं धोक्याचं. जाडी तीच आणि आटे तेच असले, तरी दम वेगळा असतो.

पुढचा हिशेब पान्याच्या लांबीचा. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याला ४८ न्यूटन-मीटरसाठी सुमारे २५ किलोचा जोर लागतो. जवान माणूस तो सहज लावतो. आता याच पान्यात पाईप घालून तो ६० सेंटिमीटर केला आणि जोर तेवढाच ठेवला, तर टॉर्क तिप्पट झाला. बोल्टवर यायला हवे होते २४ क्विंटल, येऊ बघतात ७२. आणि तो तर ४७ला तुटतो. उलट ६ मिलिमीटरचा बारका बोल्ट असेल, तर त्याला साधारण १० न्यूटन-मीटरच पुरतात. जाडी निम्म्याच्या वर असली तरी टॉर्क पाचवा हिस्सा. हाताला हा फरक आपोआप कळत नाही, म्हणून बारके बोल्टच जास्त तुटतात.

मोटारीच्या गिअरबॉक्सपाशी ही सगळी गणितं एकत्र येतात. गिअरबॉक्स इंजिनला मागून किंवा बाजूने जोडलेला असतो. मधल्या घंटेच्या आकाराच्या भागाला बेल हाउसिंग म्हणतात, त्याच्या पोटात क्लच असतो. बेल हाउसिंगच्या कडेने जे बोल्ट असतात, त्यांच्यावरच इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत राहण्याची जबाबदारी असते. आजच्या बहुतेक मोटारींत हे कवच ॲल्युमिनियमचं असतं आणि बोल्ट पोलादाचे. ॲल्युमिनियम मऊ. पोलादात बोल्ट त्याच्या जाडीएवढा खोल गेला तरी भागतं. ॲल्युमिनियममध्ये दीडपट-दुप्पट खोली लागते. शिवाय उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ अंशांवर जातो, चालत्या गाडीचा गिअरबॉक्स त्याहून कितीतरी गरम. कवच फुगतं, बोल्ट तेवढा फुगत नाही, आणि बोल्टवरचा ताण आणखी वाढतो. थंडीच्या रात्री तो पुन्हा उतरतो. आधीच मर्यादेला टेकवून आवळलेल्या बोल्टला ही वाढ सोसण्यासाठी जागाच उरत नाही.

जास्त आवळल्याचं नुकसान असं होतं. बोल्ट तुटतो, नाहीतर ॲल्युमिनियमचे आटे सोलून बोल्टबरोबर बाहेर येतात, नाहीतर कवचाच्या कानाला तडा जातो. आटे गेले तर भोक मोठं करून तारेचं वेटोळं, म्हणजे हेलिकॉइल, बसवता येतं. कान तुटला तर वेल्डिंग, नाहीतर नवं कवच. काही रुपयांच्या बोल्टपायी हजारांचा खर्च.

कमी आवळल्याचं नुकसान हळूहळू होतं, म्हणून ते जास्त फसवं. दोन भाग एकमेकांवर सूक्ष्म घासू लागतात. जागेवर बसवणाऱ्या खुंट्या, म्हणजे डॉवेल पिना, झिजतात. गिअरबॉक्सची शाफ्ट क्लचच्या रेषेतून सरकते, थरथर वाढते, सील गळू लागतं. आणि शेवटी बोल्ट तुटतो तो ढिला असल्यामुळेच. ऐकायला उलटं वाटतं, पण कारण सोपं आहे. नीट ताणलेल्या बोल्टने भाग इतके दाबून धरलेले असतात, की गाडीचे हिसके बहुतांशी त्या दाबलेल्या भागांतच जिरतात, बोल्टपर्यंत त्यांचा थोडाच वाटा पोचतो. ढिल्या बोल्टला मात्र प्रत्येक हिसका पुरता सोसावा लागतो. तार मागेपुढे वाकवत राहिलं की ती तुटते, तसा लाखो हिसक्यांनी बोल्ट थकतो.

मग पुस्तिकेतला आकडा टॉर्क रेंचवर लावला की काम झालं का? इथे एक मेख आहे. आपण लावलेल्या टॉर्कपैकी जवळजवळ ९० टक्के जोर घर्षणात जातो. सुमारे निम्मा बोल्टच्या डोक्याखाली, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांत. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून आट्यांची अवस्था बदलली की सगळा हिशेब बदलतो. मघाचाच १० मिलिमीटरचा बोल्ट तेल लावून त्याच ४८ न्यूटन-मीटरने आवळला, तर दाब २४ क्विंटलऐवजी ३२ क्विंटलपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे मर्यादेच्या अगदी तोंडाशी. उलट आट्यांत गंज-माती असेल तर रेंच ‘टक’ म्हणते, पण बोल्ट ताणलेलाच नसतो. पुस्तिकेत कोरड्या आट्यांचा आकडा असेल तर कोरडेच ठेवावेत, तेल लावा म्हटलं असेल तरच लावावं.

प्रत्यक्ष काम करताना क्रम असा ठेवावा. आधी भोक आणि आटे ब्रशने व हवेने साफ करावेत. बंद तळाच्या भोकात तेल किंवा पाणी राहू देऊ नये. बोल्ट आत शिरताना ते दाबलं जाऊन कवच फोडू शकतं. गिअरबॉक्स जॅकवर घेऊन हाताने इतका सरकवावा, की त्याचं तोंड इंजिनच्या तोंडाला सगळीकडून टेकलं पाहिजे. फट राहिली तर बोल्टने ओढून ती मिटवू नये. फट आहे याचा अर्थ शाफ्ट क्लच प्लेटच्या खाचांत बसलेली नाही, किंवा मध्ये एखादी वायर नाहीतर ब्रॅकेट अडकलं आहे. ओढून बसवण्याच्या नादातच सर्वांत जास्त कान तुटतात. मग प्रत्येक बोल्ट पहिले काही फेरे बोटांनीच फिरवावा. बोटांनी जात नसेल तर आटे आडवे गेले आहेत, पाना लावू नये. सगळे बोल्ट टेकले की समोरासमोरचे घेत, दोन किंवा तीन टप्प्यांत, शेवटच्या आकड्यापर्यंत न्यावेत. एकाच बाजूने पुरतं आवळत गेलं तर दुसरी बाजू उचलते.

टॉर्क रेंच वापरण्याचीही रीत आहे. मुठीवर हात ठेवून सावकाश, एका लयीत ओढायचं. ‘टक’ झालं की थांबायचं. खात्रीसाठी दुसऱ्यांदा ‘टक’ करायचं नाही, कारण त्याने बोल्ट थोडा पुढे जातो. रेंचने बोल्ट सोडवायचे नाहीत. काम झालं की स्प्रिंगच्या रेंचचा आकडा सर्वांत खालच्या मापावर आणून ठेवायचा, आणि वर्षातून एकदा किंवा ५,००० वेळा वापरून झाल्यावर ती तपासून घ्यायची. हे साधन काही फार जुनं नाही. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणाऱ्या कॉनराड बार याने १९१८ च्या सुमारास ते तयार केलं, असं मानलं जातं. जमिनीखालच्या पाइपांच्या जोडांचे बोल्ट कामगार जास्त आवळत, ही त्याची अडचण होती. तक्रार तीच, आपल्या गॅरेजातली.

‘तीस वर्षं हाताच्या अंदाजाने काम केलं, काय बिघडलं?’ असं जुने मिस्त्री विचारतात. त्यांच्या हाताला खरोखर समज असते, हे मान्य केलंच पाहिजे. पण ती समज जाड पोलादावर आणि ओतीव लोखंडावर घडलेली आहे. आजचं कवच पातळ आहे. इंजिनच्या हेडचे काही बोल्ट तर ठरावीक टॉर्कनंतर आणखी ९० अंश फिरवायचे असतात, आणि त्यांतले बरेच एकदा काढले की पुन्हा वापरायचे नसतात. हे अंदाजाने जमत नाही. टॉर्क रेंचही देवाची तराजू नव्हे. घर्षणामुळे ताणात पाव हिश्शाचा फरक पडू शकतो, आणि बोल्ट निवडताना अभियंते तो धरूनच चालतात. पण त्यावर हाताच्या अंदाजाचा फरकही चढवला, तर राखून ठेवलेली जागा संपते.

बोल्टकडे दुर्लक्ष केल्याची किंमत जगाने मोजली आहे. १० मे २००२ रोजी इंग्लंडमध्ये पॉटर्स बार इथे रेल्वेच्या सांध्यावरचे नट जागेवर नसल्याने गाडी घसरली आणि सात माणसं गेली. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचा बंद केलेल्या दाराचा भाग आकाशात निखळला. त्याला धरून ठेवणारे चार बोल्ट बसवलेलेच नव्हते. आपल्या जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. तिथे मोटारी ताशी १२० किलोमीटरने धावतात. गावच्या रस्त्यावर चाळिशीच्या वेगात खपून गेलेला ढिला नट तिथे माफी देत नाही.

म्हणून गाडीमालकांनी गिअरबॉक्सचं काम करून घेताना विचारावं, ‘टॉर्क रेंच आहे ना?’ यात मिस्त्रीचा अपमान नाही. डॉक्टरला थर्मामीटर आहे का विचारण्यासारखंच ते आहे. चाक बदललं असेल तर नाचणगावहून वर्ध्याला जाऊन परत येण्याइतकं अंतर चालवल्यावर नट पुन्हा टॉर्कवर तपासून घ्यावेत. छोट्या मोटारींना ते साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. गॅरेजवाल्यांनी नेहमीच्या गाड्यांचे आकडे एका फळ्यावर लिहून भिंतीला लावावेत, आणि आवळून झालेल्या बोल्टवर रंगाची एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली, की बोल्ट फिरला आहे हे लांबूनही कळतं. आणि शिकाऊ पोराला ‘घट्ट कर रे’ म्हणण्याऐवजी ‘४८ वर कर’ म्हणावं. आकडा हातात आला की पोरगा नुसता जोर लावायचं सोडतो आणि काम शिकायला लागतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)