व्ही.पी. ते ‘कॅश ऑन डिलिव्हरी’

भारतात इंटरनेटवर दुकाने थाटली जाऊ लागली ती १९९९-२००० च्या सुमारास. फॅबमार्ट आणि बाझी ही त्या काळातली नावे. २००२ मध्ये रेल्वेची तिकिटे इंटरनेटवर मिळू लागली. २००७ मध्ये सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी बंगळुरूत फ्लिपकार्ट काढले, तेही आधी फक्त पुस्तकांसाठी. २०१३ मध्ये अॅमेझॉनचे भारतीय दुकान उघडले, २०१६ मध्ये जिओ आले आणि मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले. वाढीचे श्रेय बहुधा या शेवटच्या घटनेला दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. घरबसल्या खरेदीचा गाडा ज्या दोन चाकांवर चालला, ती दोन्ही टपाल खात्याने कधीच घडवून ठेवली होती.

पहिले चाक व्ही.पी.चे. व्हॅल्यू पेएबल पोस्ट ही सोय भारतात १८७७ मध्ये सुरू झाली. विक्रेत्याने पार्सलवर किंमत लिहून ते टपालात टाकायचे, पोस्टमनने ती किंमत घेऊनच पार्सल द्यायचे आणि जमा झालेले पैसे टपाल खात्याने विक्रेत्याकडे पोहोचवायचे. पुस्तके, बियाणे, घड्याळे, औषधे अशा कितीतरी वस्तू या वाटेने खेड्यापाड्यांत गेल्या. ‘व्ही.पी. सोडवून घेणे’ हा मराठी घरातला नेहमीचा शब्दप्रयोग होता. दुकान न पाहिलेल्या माणसाने दुकानदारावर विश्वास ठेवावा कसा, हा प्रश्न या योजनेने साधेपणाने सोडवला: विश्वास पोस्टमनवर ठेवायचा.

फ्लिपकार्टने २०१० मध्ये ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ सुरू केली, ती याच तत्त्वावर. क्रेडिट कार्ड तेव्हा फार थोड्यांकडे होते. त्यातच ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन व्यवहारात कार्डाच्या क्रमांकाखेरीज आणखी एक पडताळणी सक्तीची केली. नियम योग्यच होता. पण इंटरनेट संथ असल्याने व्यवहार मध्येच अडके, आणि खात्यातून पैसे गेले तरी ऑर्डर झालेली नसे. दारात माल पाहून नोट मोजण्याने ही धाकधूक संपली.

व्ही.पी.चे दुखणेही मात्र वारशाने आले. पार्सल दारात येईपर्यंत गिऱ्हाइकाचे मन बदललेले असते, घरात सुटे पैसे नसतात किंवा घराला कुलूप असते. पूर्वी न सोडवलेली व्ही.पी. परत आली की टपालहशील विक्रेत्याच्या माथी बसे. म्हणून काही विक्रेते थोडी रक्कम आगाऊ मागत. आज अशा परतीला धंद्यात ‘आरटीओ’ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात, जाण्यायेण्याचा खर्च लहान व्यापाऱ्याचा नफा खातो आणि त्यावरचा उपाय म्हणूनही पुन्हा थोडी आगाऊ रक्कमच मागितली जाते. पार्सल दिल्यावर आता क्यूआर कोड पुढे केला जातो, म्हणजे रोकड गेली तरी ‘आधी माल, मग पैसे’ ही अट शाबूत आहे.

दुसरे चाक पिनकोडचे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत लागू झाली, तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले हे अधिकारी संस्कृत कवी आणि नाटककारही होते. सहा आकड्यांतला पहिला विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष टपाल कार्यालय. ४११ दिसले की पुणे, ४०३ दिसले की गोवा. सारखी नावे असलेली गावे आणि निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते यांतून पत्र बिनचूक जावे, एवढाच मूळ हेतू. आज मात्र खरेदीच्या पडद्यावर पिनकोड टाकल्यावरच माल तिथे पोहोचेल की नाही, किती दिवसांत पोहोचेल आणि रोखीची सोय मिळेल की नाही, ते समजते. महाराष्ट्राच्या नकाशावर तालुक्यांपेक्षा पिनकोडच्या सीमा व्यापाऱ्याला जास्त कामाच्या वाटत असतील तर नवल नाही.

पिनकोड टपाल कार्यालयापर्यंत नेतो, उंबऱ्यापर्यंत नाही. एका पिनकोडमध्ये अनेक वाड्या असतात आणि ‘मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीशेजारी’ हा पत्ता गावच्या पोस्टमनला पुरतो. माल पोहोचवणाऱ्या कंपनीच्या नव्या मुलाला मात्र फोन करावा लागतो. ही उणीव भरून काढण्यासाठी टपाल खात्याने २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला. त्यात देशाची जमीन सुमारे चार मीटर लांबीरुंदीच्या चौकोनांत विभागली असून प्रत्येक चौकोनाला अक्षरे आणि आकडे मिळून दहा चिन्हांचा स्वतंत्र संकेतांक आहे. पिनकोड त्याने रद्द झालेला नाही. दोन्ही सोबत वापरायचे आहेत.