सातबारा शेताचा, कर कुणाचा?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, उलव्यात कुणाच्या ओटीवर कराचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास ऐकू येते : 'आम्ही शेतकरी, आम्हाला इन्कम टॅक्स नाही.' हे वाक्य खोटे नाही, पण ते अर्धेच खरे आहे. आणि कराच्या बाबतीत अर्धे खरे पुष्कळदा महागात पडते.

असे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू या. आजोबांच्या नावावर थोडी भातशेती उरली आहे. काका तलावात मासे वाढवतात. थोरला मुलगा न्हावा-शेवा बंदराकडे नोकरीला आहे. धाकट्याने मोकळी जागा कंटेनर ठेवायला भाड्याने दिली आहे. नात न्यू जर्सीत असते. घर एकच, पण कराचे नियम प्रत्येकाला वेगळे.

याचे मूळ आपल्या राज्यघटनेत आहे. सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीतील 82 वी नोंद सांगते, की शेतीखेरीज इतर उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार केंद्राचा. राज्यांच्या यादीतील 46 वी नोंद शेतीच्या उत्पन्नावरील कर राज्यांकडे देते. ही वाटणी आजची नव्हे. इंग्रजांनी 1860 मध्ये आयकर आणला तेव्हा शेतीही त्यात होती. 1886 च्या कायद्याने ती वगळली, कारण जमिनीवर सारा भरावाच लागत होता. 1935 च्या कायद्याने शेती उत्पन्नावरील कर प्रांतांकडे गेला. आसाम, केरळ अशा राज्यांनी मळ्यांच्या उत्पन्नावर तो लावला. महाराष्ट्र सरकार आज तो घेत नाही. म्हणजे शेतकऱ्याला सूट मिळते ती अशी : केंद्राला अधिकार नाही आणि राज्य अधिकार वापरत नाही.

पण शेतीचे उत्पन्न म्हणजे काय? गंमत अशी, की ते राज्य ठरवत नाही. घटनेच्या 366 व्या कलमानुसार आयकर कायद्यातली व्याख्याच धरायची. त्यामुळे हाती सातबारा असणे पुरेसे नाही. त्या जमिनीतून पैसा कशाने आला हे पाहिले जाते. आजोबांच्या भाताचे पैसे शेतीचे. शेत दुसऱ्याला कसायला दिले तर त्याचा खंडही शेतीचाच. मात्र काकांच्या माशांचे उत्पन्न शेतीत धरत नाहीत. खाडीचे पाणी घेऊन मिठागरात पिकवलेले मीठही शेतीचे नव्हे, आपण 'मीठ पिकवतो' म्हणत असलो तरी! आणि कंटेनरच्या जागेचे भाडे तर उघडच केंद्राच्या कक्षेत येते, मग सातबाऱ्यावर भात लिहिलेला असो.

आणखी एक बारकावा. शेतीचे निव्वळ उत्पन्न वर्षाला 5,000 रुपयांपेक्षा जास्त असेल आणि इतर उत्पन्नही करपात्र मर्यादेच्या वर असेल, तर इतर उत्पन्नावरचा दर ठरवण्यापुरते शेतीचे उत्पन्न हिशेबात मिळवतात. शेतीवर कर बसत नाही, पण तिच्यामुळे बाकीचे उत्पन्न वरच्या पायरीवर जाऊ शकते. ही तरतूद 1973 पासूनची आहे. म्हणून शेतीचे उत्पन्न विवरणपत्रात दाखवायचेच नाही, हा समज चुकीचा.

आता थोरल्याच्या पगाराची चिठ्ठी पाहा. तिच्यात दोन कपाती दिसतील : आयकर केंद्राचा आणि व्यवसाय कर राज्याचा. महाराष्ट्राने हा कर 1975 च्या कायद्याने आणला. रोजगार हमी योजनेचा खर्च त्यातून भागावा ही त्यामागची कल्पना. महिना 10,000 रुपयांपेक्षा जास्त पगार असणाऱ्या पुरुषाचे 200 रुपये कापतात, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. घटनेने घातलेली कमाल मर्यादाही तेवढीच आहे. महिलांना 2023 पासून 25,000 रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर हा कर नाही. राज्याला भरलेली ही रक्कम आयकराच्या जुन्या पद्धतीत पगारातून वजा होते. नव्या पद्धतीत होत नाही.

नातीची गोष्ट निराळी. अमेरिकेत केंद्र आणि राज्य एकाच पगारावर वेगवेगळा आयकर घेऊ शकतात. विस्कॉन्सिन राज्याने 1911 मध्ये आयकर लावला. केंद्राचा आजचा आयकर 1913 चा. टेक्सास, फ्लोरिडात राज्याचा कर पगारावर नाही. न्यू जर्सीत आहे. नातीला उलव्यातल्या जागेचे भाडे मिळत असेल, तर भारतात भरलेल्या कराची वजावट नियमांच्या मर्यादेत वॉशिंग्टन देते. न्यू जर्सी देत नाही. दोन देशांमधला करार अमेरिकेच्या केंद्रीय करापुरता आहे.

शेवटी उलव्याचा सर्वांत मोठा प्रश्न : जमीन. शहरालगतची शेतजमीन सक्तीने संपादित झाली आणि त्याआधीची दोन वर्षे ती शेतीसाठी वापरात असेल, तर मोबदल्यावरच्या भांडवली नफ्याला सूट आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याखालच्या निवाड्यालाही आयकर नाही. परंतु साडेबारा टक्के योजनेतून मिळालेला भूखंड ही शेतजमीन नव्हे. तो विकल्यावर होणारा नफा केंद्राच्या करात येतो. खरेदीदार मुद्रांक शुल्क भरतो ते राज्याला. आणि इथे दोन्ही सरकारे एकमेकांना भेटतात : जमीन किंवा इमारत राज्याच्या रेडी रेकनरपेक्षा कमी भावात विकली आणि फरक 10 टक्क्यांहून अधिक असेल, तर आयकर खाते सर्वसाधारणपणे रेडी रेकनरचाच भाव धरते. दर राज्याचा, कर केंद्राचा!

भूखंडाचे पैसे आले, त्यातून घर वर चढले, लग्न थाटात झाले, आणि मग नोटीस आली, की हातात काहीच उरलेले नसते. म्हणून व्यवहाराआधी तीन कागद एकत्र ठेवा : संपादनाचा निवाडा, भूखंड वाटपाचा करार आणि शेती कसल्याचा पुरावा, म्हणजे पीकपाहणीची नोंद, भात विकल्याच्या पावत्या. ते घेऊन सल्लागाराकडे जा, आणि तेही विक्रीच्या आधी. पूर्वजांनी जमीन राखली. तिच्या पैशाची राखण आता आपल्याला करायची आहे.